पंधरा दिवसांची रजा

अनुवादाच्या एका तासाला मी विद्यार्थ्यांना 'बर्नआउट' ह्या शब्दाला मराठी प्रतिशब्द सुचवायला सांगितले होते. फळा पाहता पाहता भरला. थकवा, शीण, उबग, वीट, कंटाळा, मेटाकुटी. कुणी 'अंग आंबणे' सांगितले, कुणी 'जीव गळून जाणे'. एकाने घाण्याचा बैल आणला, त्यावर वर्ग हसला. शब्दांची ही श्रीमंती पाहून शिक्षकाला जे समाधान वाटते ते मलाही वाटले. मग मोहाडी तालुक्यातून येणाऱ्या एका मुलीने विचारले की, हा शब्द नेमका कुणासाठी आहे? तिच्या आजीने चाळीस वर्षे बिड्या वळल्या. फळ्यावरचे सगळे शब्द आजीला लागू होतात, पण मूळ शब्द काही लागू होईलसा वाटत नाही. तो ज्यांना रजेचा अर्ज करता येतो, त्यांचा शब्द दिसतो.

तासाची घंटा झाली म्हणून मी सुटलो. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाला दिलेले उशिराचे उत्तर आहे. ते शब्दकोशात न सापडता निवाड्यांच्या जाड खंडांत सापडले, हे साहित्याच्या माणसाने सांगायला थोडे संकोचावे असे आहे. पण इलाज नाही.

प्रथम शब्दाचे कूळ. १९६० साली ग्रॅहॅम ग्रीनची 'अ बर्न्ट-आउट केस' ही कादंबरी आली. काँगोतल्या एका कुष्ठधामात येऊन राहिलेला, आपल्या कीर्तीला आणि कामाला विटलेला वास्तुशिल्पी हा तिचा नायक. 'जळून गेलेला रुग्ण' ही संज्ञा तिथे कुष्ठरोगाच्या संदर्भातली आहे: रोग आपले काम संपवून थांबला आहे, बोटे गेली आहेत, आता आणखी जाण्यासारखे काही उरले नाही, असा रुग्ण. पुढे १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर ह्या न्यूयॉर्कमधल्या मानसशास्त्रज्ञाने मोफत दवाखान्यात स्वेच्छेने राबणाऱ्या कार्यकर्त्यांची अवस्था वर्णन करण्यासाठी हा शब्द शास्त्रीय लेखनात आणला. ख्रिस्तिना मास्लाख ह्यांनी तिचे तीन पदर मांडले: भावनिक निःशेषता, माणसांविषयी आलेला कोरडेपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या रोगवर्गीकरणात त्याला जागा दिली, पण आजार म्हणून दिली नाही. नोकरीच्या ठिकाणी उद्भवणारी घटना, अशी दिली. ह्या शेवटच्या बारकाव्याला फार अर्थ आहे. आजार माणसाच्या आत असतो. घटना घडायला ठिकाण लागते, व्यवस्था लागते.

मास्लाख आणि मायकेल लायटर ह्यांनी १९९७ च्या ग्रंथात हेच पुढे नेले. माणूस विझतो तो दुबळा असतो म्हणून नव्हे, तर कामाचा भार, कामावरचा ताबा, मोबदला, सोबतीचे नाते, न्याय आणि मूल्ये ह्या सहा ठिकाणी त्याचे आणि कामाच्या व्यवस्थेचे जुळत नाही म्हणून, असे त्यांचे म्हणणे. त्याआधी १९७९ साली रॉबर्ट कॅरासेक ह्यांनी दाखवले होते की नुसते कष्ट तितके पोखरत नाहीत. कष्ट भरपूर आणि निर्णयाचा अधिकार मात्र शून्य, ही जोडी पोखरते. ह्या संशोधनातली माणसे बहुतांशी परिचारिका, शिक्षक, समाजसेवक, कारकून अशी आहेत. त्यांना हजेरीपट असतो, साहेब असतो, दालन असते. आता ह्या चौकटीत भंडाऱ्याची बिडी बसते का ते पाहू.

मी भंडारा म्हणतो तेव्हा जुना भंडारा जिल्हा म्हणतो, ज्यातून १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला. तळ्यांचा, धानाचा आणि जंगलाचा हा मुलूख. जंगलात टेंभुर्णी, म्हणजे तेंदू. गोंदियाला रेल्वेचे जंक्शन. आणि धानाचे काम संपले की रिकामे होणारे हजारो हात. मध्य प्रांतात बिडीचा धंदा विसाव्या शतकाच्या आरंभी जबलपूरकडे गुजरातेतून आलेल्या व्यापाऱ्यांनी वाढवला आणि तो रेल्वेच्या रुळांबरोबर दक्षिणेला उतरला. स्वदेशीच्या आणि असहकाराच्या चळवळींत विलायती सिगारेट टाकून लोकांनी बिडी पेटवली, त्याचा ह्या धंद्याला मोठा हात लागला. आपल्या राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात चरख्याला जे स्थान मिळाले ते बिडीच्या सुपाला मिळाले नाही, ह्याचे कारण उघड आहे. पण रोजगाराच्या हिशेबात पूर्व विदर्भात सूप पुढे होते असे मला वाटते.

ह्या धंद्याला यंत्र लागत नाही. पाने रात्री भिजवायची, पत्र्याच्या फर्म्यावर ठेवून कात्रीने कापायची, मांडीवरच्या सुपात तंबाखू घ्यायची, चिमूट भरायची, वळायची, तोंड दुमडायचे, दोऱ्याने बांधायची. संध्याकाळी हजारांच्या हिशेबाने द्यायची. सगळी रचना ह्या संध्याकाळच्या देण्याभोवती उभी आहे. मालकाचा माणूस बंडले उलगडतो, काही बिड्या बाजूला काढतो. ही 'छाट'. छाटलेल्या बिडीची मजुरी नाही. ती बिडी वळणाऱ्याला परत मिळायची असेही नाही. ती पुष्कळदा मालकाकडेच राही आणि बाजारातही जाई. पाने कमी किंवा फाटकी मिळाली तरी ठरलेल्या हजारांचा आकडा तोच, म्हणून तूट वळणाऱ्याने आपल्या पैशाने पान आणून भरायची. मालक आणि वळणारा ह्यांच्या मध्ये 'सट्टेदार'. तो मालकाकडून पान-तंबाखू उचलतो, गावोगाव वाटतो, बिड्या गोळा करतो, आणि त्याचा नफा बहुधा ह्याच दोन फटींतून, तुटीतून आणि छाटीतून, गळतो.

कार्ल मार्क्सने १८६७ सालच्या 'भांडवला'त तुकड्यावरच्या मजुरीला एक छोटे प्रकरण दिले आहे. कामाची प्रत आणि वेग ह्यांवर मजुरी स्वतःच पहारा ठेवते, म्हणून मुकादमाची गरज उरत नाही. प्रतीच्या नावाखाली कपातीला वाव राहतो. आणि मध्यस्थांची साखळी उभी राहते, अशा अर्थाचे त्याचे प्रतिपादन आहे. त्याने गोंदिया पाहिले नव्हते. पण बिडीचा धंदा त्या प्रकरणाचे उदाहरण म्हणूनच जणू रचला गेला होता.

ह्या रचनेवर पहिला सरकारी प्रकाश पडला तो १९२९ साली नेमलेल्या आणि १९३१ साली अहवाल देणाऱ्या व्हिटली आयोगाचा. बिडीच्या कोंदट, अंधाऱ्या जागा आणि त्यांत बसलेली लहान मुले ह्यांची नोंद त्यात आहे. त्यानंतर मध्य प्रांताने १९३७ साली 'अनियंत्रित कारखान्यां'साठी कायदा केला. बिडी, लाख आणि कातडी कमावणे हे तीन धंदे त्याच्या कक्षेत होते. कायदा आला की मोठी जागा मोडून लहान जागा करायच्या, लहान जागाही कक्षेत आली की काम घरी पाठवायचे, ही चाल ह्याच काळात रूढ होत गेली. कामाची जागा कायद्यापुढे पळत राहिली, एवढ्यात बिडीच्या पुढच्या अर्ध्या शतकाचा इतिहास येतो.

इथे कामठीच्या बाबू हरदासांचे, म्हणजे एल. एन. हरदास ह्यांचे नाव घ्यायला हवे. 'जय भीम' ह्या अभिवादनाशी त्यांचे नाव जोडलेले आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. ते बिडी मजुरांचे संघटक होते हे कमी जणांना. कंत्राटदारांच्या जाचाविरुद्ध त्यांनी मजुरांचा संघ बांधला आणि त्याचे काम कामठीबाहेर रामटेक, नागपूर, भंडारा, चंद्रपूर असे नेले. १९३७ साली ते स्वतंत्र मजूर पक्षाकडून प्रांतिक विधिमंडळात निवडून आले आणि १९३९ च्या जानेवारीत, पस्तिशीच्या आतबाहेर, क्षयाने गेले. कार्यकर्त्यांच्या झिजण्याविषयी फ्रॉइडेनबर्गर ह्यांनी लिहिले, त्याला पस्तीस वर्षे अवकाश होता. हा उल्लेख मी केवळ योगायोग म्हणून करतो. क्षयाला क्षयच म्हटले पाहिजे.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात डॉ. आंबेडकर मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४४ साली, द. वि. रेगे ह्यांच्या अध्यक्षतेखाली मजूर चौकशी समिती नेमली गेली. तिने बिडीधंद्याची स्वतंत्र पाहणी केली. त्याच कारकिर्दीत १९४५ साली कारखान्यातल्या कामगारांना भरपगारी सुट्टीचा हक्क देणारी दुरुस्ती झाली आणि १९४६ साली बारमाही कारखान्यांत आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. (पुढे १९५४ साली बाबासाहेब भंडाऱ्यातूनच लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि पडले. मजूर खात्याचा हा हिशेब त्या प्रचारात कुणी मांडला असेल का, असे कुतूहल मला नेहमी वाटत आले आहे.) १९४८ चा कारखाना अधिनियम आणि त्याची १९५४ ची दुरुस्ती ह्यांनी नियम पक्का केला: वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा.

म्हणजे विश्रांती आता कायद्यात आली होती. प्रश्न उरला तो 'कामगार' कोण, एवढाच.

पण त्या प्रश्नाआधीचा एक लहानसा खटला पाहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारने १९४८ साली असा कायदा केला की शेतीच्या हंगामात ठरवलेल्या गावांत बिड्या वळण्यास बंदी घालता यावी. शेतीला हात मिळावेत हा हेतू. १९५० साली सागर जिल्ह्यात असा हुकूम निघाला. कारखानदार आणि मजूर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर १९५० मध्ये न्यायालयाने ती बंदी अवाजवी म्हणून रद्द केली. व्यवसायस्वातंत्र्याच्या विद्यार्थ्यांना 'चिंतामणराव' हे नाव तिथून पाठ असते. मला त्यातली दुसरीच गोष्ट दिसते. ज्यांना शेतात वाकता येत नाही अशा म्हाताऱ्या, अपंग, लेकुरवाळ्या माणसांनाही ही बंदी लागू होते, हा मुद्दा त्यात विचारात घेतला गेला. बिडी कोण वळते ह्याचे इतके नेमके वर्णन त्या काळच्या आपल्या कथावाङ्मयात मला फारसे आढळले नाही. सरकारला ही माणसे शेतीचे हात वाटली, कारखानदाराला बिडीचे हात वाटली. विश्रांती घेणारी माणसे ती कुणालाच वाटली नाहीत.

१९५८ साली त्याच सागरच्या बिडीधंद्यातला दुसरा खटला आला. कारखाना निरीक्षकाला कारखान्यात काही सट्टेदार सापडले. ते कामगार आहेत की नाहीत, एवढा प्रश्न. न्या. सुब्बा राव ह्यांनी लिहिलेल्या निवाड्याने सांगितले की सट्टेदार हे स्वतंत्र कंत्राटदार आहेत. ते माल कुठे, कसा, कुणाकडून करून घेतात ह्यावर मालकाचा ताबा नाही. म्हणून ते कामगार नव्हेत. 'ताबा' हा शब्द वाचकाने लक्षात ठेवावा. कॅरासेक ह्यांच्या सिद्धान्तातही तो आहे, फक्त दुसऱ्या टोकाने. मानसशास्त्रज्ञ विचारतो, कामावर तुझा ताबा किती? न्यायालय विचारते, तुझ्यावर मालकाचा ताबा किती? बिडी वळणाऱ्याची शोकांतिका अशी की दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच वेळी त्याच्या विरुद्ध जाऊ शकत होती.

आणि आता कामठीची गोष्ट. १९६१ च्या निवाडासंग्रहात ती 'बिरधीचंद शर्मा विरुद्ध पहिले दिवाणी न्यायाधीश, नागपूर' ह्या नावाने आहे. बिडी कारखान्यातल्या तिघा मजुरांनी पंधरा दिवसांची रजा मागितली आणि ते कामावर गेले नाहीत. मालकाने त्या दिवसांची मजुरी दिली नाही. तिघांनी वेतन प्रदान अधिनियमाखाली दाद मागितली. हे प्रकरण दिल्लीपर्यंत गेले. पंधरा दिवस! न्यायालयाच्या पायऱ्या चढण्याइतके हे दिवस कुणाला महाग होते, ह्याचा विचार करावा.

मालकाचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. हे लोक हवे तेव्हा येतात, हवे तेव्हा उठून जातात. किती बिड्या वळायच्या ह्याचे बंधन नाही. हजारी दराने मजुरी मिळते. मग ते नोकर कसे? आणि ज्याला केव्हाही गैरहजर राहता येते त्याला रजा कशाला? तर्क देखणा आहे. त्याला छेद देणाऱ्या गोष्टी निवाड्यात शांतपणे नोंदल्या आहेत. मजुरांना घरी काम करण्याची मुभा नव्हती, कारखान्यातच आणि कारखान्याच्या वेळातच बसावे लागे. हजेरी लागे. दुपारनंतर आलेल्याला काम मिळत नसे, म्हणजे दिवस बुडे. आणि दिवसअखेर छाट होई. न्यायालयाने म्हटले त्याचा मथितार्थ असा: काम साधे असेल तर कुणी सतत डोक्यावर उभे राहण्याची गरज नसते, दिवसाच्या शेवटी खराब माल नाकारण्याचा अधिकार हाच ताबा. रजेविषयीही स्पष्ट सांगितले की ठरलेले दिवस भरले की रजा हा हक्क होतो. एरवी गैरहजर राहता येते म्हणून तो नाहीसा होत नाही. तिघे जिंकले.

मला ह्या निवाड्याचे महत्त्व वाटते ते छाटीच्या त्या अर्थासाठी. दिवसभर कुणी ओरडत नाही, कुणी पाहत नाही. ज्याने ह्या घरांत दुपारी पाऊल टाकले आहे त्याला ती शांतता, कात्र्यांचा एकसुरी आवाज, मधूनच एखादे गाणे, अगदी सुखाचे वाटते. मी आजोळी तुमसरकडे जाई तेव्हा शेजारच्या ओसरीवर हेच दृश्य असे आणि तंबाखूने शिंका आल्या तरी मी तिथे बसून राही. पण त्या बायांची पाठ कधी भिंतीला टेकलेली मला आठवत नाही. संध्याकाळचा नाकारणारा हात सकाळपासूनच सुपावर असतो. किती बिड्या जातील हे आधी कळत नाही, का गेल्या हे नंतर कळत नाही, आणि वाद घालावा तर उद्याचे पान कमी येते. काम जास्त असणे ही एक गोष्ट. केलेले काम न केल्यासारखे होणे ही निराळीच. आधुनिक संशोधक त्याला 'न्याय' ह्या सदरात घालतील. मास्लाख ह्यांच्या तिसऱ्या पदराशी, आपल्या हातून काही होत नाही ह्या भावनेशी, तिचे नाते मला अधिक जवळचे दिसते. फरक इतकाच की परिचारिकेला ती भावना मनात येते. इथे ती रोज मोजून हातात दिली जाते.

कामठीचा आनंद फार टिकला नाही. लगेचच, १९६२ च्या संग्रहात, 'शंकर बालाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा निवाडा येतो. पुन्हा बिडी कारखाना, पुन्हा तुकड्यावर वळणारा एक मजूर, पुन्हा भरपगारी रजा. ह्या वेळी नोंदलेली परिस्थिती थोडी वेगळी होती: वेळेचे बंधन नाही, दहा दिवसांपर्यंत न सांगता गैरहजर राहता येते, त्यापुढे मात्र परवानगी, मालक परवानगी देईल तर पाने घरी नेता येतात, देखरेख नाही, संध्याकाळी खराब बिड्यांची छाट. बहुमताने ठरले की हा मनुष्य 'कामगार' नव्हे. आणखी असेही ठरले की तो कामगार धरला तरी ज्याचे पूर्ण वेळेचे काम म्हणजे काय हेच ठरलेले नाही, त्याच्या रजेच्या मजुरीचा हिशेब कायद्याच्या सूत्रात बसत नाही. न्या. सुब्बा राव ह्यांनी मात्र भिन्नमत लिहिले. सट्टेदारांना काही वर्षांपूर्वी कामगार न मानणारे तेच न्यायाधीश, हे विशेष. सट्टेदार आणि वळणारा ह्यांतला भेद त्यांना दिसत होता.

बहुमताच्या निवाड्यात 'मोकळा' ह्या अर्थाचा शब्द फिरून फिरून येतो. यायला मोकळा, जायला मोकळा, न यायला मोकळा. इंग्रजी इतिहासकार ई. पी. टॉम्सन ह्यांनी १९६७ सालच्या एका प्रसिद्ध निबंधात दाखवले की घड्याळाची शिस्त येण्याआधी कामकरी माणूस कामाच्या लयीने जगे, कधी जीव तोडून राबे, कधी सुस्त पडे. आपल्याकडची बिडी ह्या चित्राला फसवी जुळते. घड्याळ नाही हे खरे. पण कामाची लय त्याची स्वतःची नव्हती. हजार पूर्ण होणे हेच घड्याळ होते आणि ते भिंतीवर नसल्यामुळे बंद पडत नव्हते. घरी तर रात्रीही चाले. कायद्याला जो माणूस मोकळा दिसला त्याला बसल्या जागेवरून उठता येत नव्हते.

ह्या दोन निवाड्यांनंतर संसदेने १९६६ साली बिडी व सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. घरी वळणाऱ्यांना त्याने कर्मचारी म्हटले. सट्टेदारामागच्या मूळ मालकाला जबाबदार धरले. दर २० दिवसांमागे एक दिवस रजा दिली. घरी काम करणाऱ्याच्या रजेची मजुरी कशी काढायची त्याचीही सोय केली. आणि छाटीच्या, कच्च्या मालाच्या तंट्यांसाठी अधिकारी नेमण्याची तरतूद केली. कारखानदार ह्याविरुद्धही गेले; १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा टिकवला. १९७६ साली कल्याण निधी आला. १९८५ साली भविष्यनिर्वाह निधीच्या एका प्रकरणात न्यायालयाने घरी वळणाऱ्या बिडी मजुरांनाही नोकर ठरवले, आणि कारण कामठीतलेच दिले: नाकारण्याचा अधिकार हाच ताबा. छाट नावाचा हा पुरावा घरच्या ओसरीपर्यंत पोहोचायला पाव शतक लागले.

कागदावर इथे गोष्ट सुफळ व्हावी. पण १९६६ च्या कायद्यात, अखेरीस, कलम ४३ होते: खासगी घरात स्वतःच्या हिमतीवर धंदा करणाऱ्याला हा कायदा लागू नाही. वाक्य निरुपद्रवी आहे. कुणी स्वतःसाठी बिड्या वळून विकत असेल तर त्याला परवान्यांचा जाच नको, इतकाच त्याचा अर्थ. व्यवहारात मात्र पान-तंबाखू मजुराला 'विकायची' आणि बिड्या त्याच्याकडून 'विकत घ्यायच्या' ही रीत अनेक ठिकाणी बसली. म्हणजे वळणारी बाई दोन्ही बाजूंनी व्यापारी झाली. तिचा मालक उरला नाही, सट्टेदारही उरला नाही, फक्त गिऱ्हाईक उरले. आणि ते गिऱ्हाईक रोज संध्याकाळी तिचा माल छाटत राहिले. व्यापाऱ्याला रजा कसली?

२०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा कल्याण निधीला पैसा पुरवणारा उपकर रद्द झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि १९६६ चा कायदा व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. रजेसाठी लागणारे दिवस २४० वरून १८० झाले, ही चांगली गोष्ट. घरात बसून स्वतःच्या हिमतीवर वळणाऱ्याला वगळणारी तरतूद मात्र नव्या संहितेतही सोबत आली आहे. १८० असोत की २४०, ते मोजायला हजेरीपट हवा.

ह्यावर एक आक्षेप घेता येईल आणि तो मी स्वतःच घेतो. मी ज्याला बर्नआउट म्हणू पाहतो आहे ती सरळ दारिद्र्याची गोष्ट आहे. भूक, कंबरदुखी, तंबाखूची धूळ, कर्ज. तिला मानसशास्त्राचा परदेशी झगा कशाला? आक्षेपात तथ्य आहे. मजुरी दुप्पट झाली असती तर ह्या लेखातला अर्धा मजकूर अनावश्यक झाला असता, हे मी मान्य करतो. पण दुसरा अर्धा झाला नसता. त्याच मुलखात त्याच बाया रोवणीला चिखलात दिवसभर वाकतात, बिडीहून कितीतरी अवजड काम करतात, आणि त्या शिणाबद्दल ज्या भाषेत बोलतात ती वेगळी असते. रोवणीचा शीण सांगताना त्या हसतात, बांधीत गायलेली गाणी सांगतात, कुणाची ओळ वाकडी गेली ते सांगतात. तिथे काम डोळ्यांसमोर हिरवे उभे राहते आणि ते नाकारणारे कुणी नसते. बिडीविषयी विचारले की आकडा सांगतात. दोन्ही कामे गरिबांचीच. कामाची बांधणी वेगळी.

म्हणून त्या मुलीला मी आता असे सांगेन की शब्द तिच्या आजीला लागू होतो. किंबहुना त्या शब्दामागची सहाही कारणे एका सुपात पाहायची असतील तर तिच्याच आजीकडे जावे लागेल. मात्र तिने विचारलेल्या प्रश्नाचा दुसरा भाग, रजेच्या अर्जाचा, तिला वाटत होता त्याहून खरा होता. थकव्याला नाव मिळण्यासाठी आधी कुणीतरी तुम्हाला कामगार म्हणावे लागते. कामठीच्या तिघांना ते पंधरा दिवसांपुरते मिळाले.

हा मजकूर लिहिण्याआधी मी तिला वाटेत गाठून विचारले की आजी कधी सुटी घेत असे का. तिने थोडा विचार केला. घेत नसे, म्हणाली; पण पावसाळ्यात कधी नदी भरली, रस्ता बंद झाला की पान येत नसे. मग आजी सकाळी सवयीने सूप घेऊन ओसरीवर बसायची आणि रिकामे सूप मांडीवर ठेवून बराच वेळ तशीच बसून राहायची.